रेल ट्रेलवर सामानासह सायकलचा लांब दिवस: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ उचलून तिथे सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी केलेली वाट म्हणजे रेल ट्रेल. तिथे जायचं ठरवणारे बहुतेक जण एकच हिशोब करून येतात: घाट नाही, मोटारी नाहीत, मग रस्त्यावर साठ किलोमीटर होतात तर इथे शंभर व्हायला काय हरकत आहे? दुपारी सत्तराव्या किलोमीटरच्या आसपास हा हिशोब मोडतो. पायांत अजून जोर असतो, पण सीटवर बसवत नाही, करंगळीला मुंग्या आलेल्या असतात, बाटली रिकामी असते आणि पुढचं गाव वीस किलोमीटरवर असतं.

याचं कारण वाटेच्या सपाटपणातच आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असते, म्हणून रेल्वेमार्ग सहसा २ टक्क्यांहून जास्त चढू दिला जात नाही. डोंगर आला तिथे खिंड फोडायची, दरी आली तिथे भराव घालायचा. त्यामुळे चढ सौम्य आणि उतारही तितकेच सौम्य. साध्या रस्त्यावर चढाला आपण सीटवरून उठतो, उताराला पाय थांबवतो, वळणावर हात हलवतो. शरीराला नकळत विसावा मिळत जातो. रेल ट्रेलवर तो आपोआप मिळत नाही, ठरवून घ्यावा लागतो. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून आलेल्या आहेत.

हा क्रम सामान लादलेल्या सायकलवर ८० ते १०० किलोमीटरच्या एका दिवसासाठी आहे. आधी कधी एवढं अंतर केलं नसेल तर ६० किलोमीटर धरा. टप्पे तेच राहतात.

## १. आठवडाभर आधी: वाट नीट वाचा

रेल ट्रेल या एका नावाखाली फार वेगवेगळ्या वाटा येतात. जर्मनीतल्या आखेनहून बेल्जियममार्गे लक्झेंबर्गला जाणारी १२५ किलोमीटरची फेनबान बहुतांश डांबरी आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातली सुमारे ३८५ किलोमीटरची केटी ट्रेल चुनखडीच्या बारीक चुऱ्याची आहे. न्यूझीलंडमधली १५२ किलोमीटरची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल खडीची. एका वाटेचा अनुभव दुसरीला लावू नका.

पहिल्यांदा पृष्ठभाग बघा. डांबरावरून दाबलेल्या चुऱ्यावर आलात की त्याच मेहनतीत वेग ताशी २ ते ३ किलोमीटरने उतरतो. पाऊस पडून चुरा भिजला असेल तर आणखी उतरतो.

मग चढाची बाजू. अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग आणि कम्बरलंड या शहरांमधली ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज ही सुमारे २४० किलोमीटरची वाट याचं चांगलं उदाहरण आहे. तिचा सर्वोच्च बिंदू ७२९ मीटरवर आहे. कम्बरलंडहून निघालं तर पहिल्या साधारण ३८ किलोमीटरमध्येच ५०० मीटरहून जास्त चढायचं असतं, आणि मग उरलेली दोनशे किलोमीटर वाट हळूहळू उतरते. पिट्सबर्गहून निघालं तर तेच दोनशे किलोमीटर चढ जाणवतसुद्धा नाही, फक्त वेग का पडतोय ते कळत नाही. वाट तीच, दिवस दोन वेगळे. उंचीचा आलेख न बघता "सपाट आहे" असं म्हणून निघणं ही तयारीतली सगळ्यात महागडी चूक आहे.

तिसरी गोष्ट रिकामे पट्टे. जुन्या स्टेशनांच्या जागी पुष्कळदा पाण्याचा नळ, निवारा आणि स्वच्छतागृह असतं, पण प्रत्येक स्टेशनाचं असं झालेलं नसतं. नकाशावर फक्त खात्रीचं पाणी असलेली ठिकाणं खुणा करून मोजा. दोन खुणांमधलं सर्वांत मोठं अंतर म्हणजे तुमचा कठीण पट्टा. तिथे किती पाणी घेऊन शिरायचं ते आजच ठरतं.

शेवटी बंद भाग. भराव खचतात, पूल दुरुस्तीला काढतात, बोगदे हिवाळ्यात बंद ठेवतात. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजवरचा बिग सॅव्हेज बोगदा आणि वॉशिंग्टन राज्यातला स्नोक्वाल्मी बोगदा हे दोन्ही हिवाळ्यात बंद असतात. बोगदा बंद म्हणजे डोंगराला वळसा, आणि तो वळसा रेल्वेच्या चढाने जात नाही.

तपासा: वाटेची देखभाल करणाऱ्या संस्थेची सूचना आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या रात्री पुन्हा एकदा वाचा. कुणाच्या जुन्या प्रवासवर्णनावर विसंबू नका.

## २. किलोमीटर आधी धरू नका, तास धरा

सामानासह बारीक खडीवर चालता वेग ताशी १५ ते १७ किलोमीटर धरा. रस्त्यावर तुमचा वेग २२ असला तरी इथे १६ च धरा. आता ९० किलोमीटरचा हिशोब मांडू. १६ च्या वेगाने साडेपाच तासांहून थोडा जास्त वेळ निव्वळ पेडल मारण्यात जातो. दर तासाला पाच-सात मिनिटांचा थांबा, दुपारचा पाऊण तास, आणि फाटकं, फोटो, कपडे काढणं-घालणं, एखादं पंक्चर यांचा मिळून पाऊण तास. सगळी बेरीज पावणेआठ ते आठ तासांवर जाते. त्यात एक तास राखीव घाला. सकाळी साडेसातला निघालात तर साडेचारला पोहोचायची अपेक्षा ठेवा.

आता सूर्यास्ताची वेळ बघा. पोहोचण्याची वेळ आणि सूर्यास्त यांत दोन तास उरत नसतील तर अंतर कमी करा. लवकर निघून ते भरून काढू असं ठरवलं, तर सकाळी अर्धा तास उशीर झाला की सगळी आखणी कोसळते.

मध्ये एक ठिकाण असं निवडा जिथून वाट सोडता येईल: बस, रेल्वे किंवा मुक्कामाची सोय असलेलं गाव, साधारण ५५ ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान. त्याचा उपयोग पुढे अकराव्या टप्प्यात आहे.

## ३. सायकल: टायर, सीट, चेन

बाकी सायकल चालू अवस्थेत आहे असं धरतो. या तीन गोष्टी मात्र रेल ट्रेलसाठी वेगळ्या जुळवाव्या लागतात.

टायर. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर बहुतेक खडीच्या वाटांना पुरतो. पूर्ण नक्षीचा जाड माउंटन टायर लागत नाही. हवा भरताना लोक रस्त्याची सवय इथे आणतात आणि टायर दगडासारखा कडक करतात. कडक टायर खडीवर उड्या मारतो आणि प्रत्येक उडी तळहातात आणि पाठीच्या कण्यात उतरते. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन आणि ४० मिलिमीटरचा टायर असेल, तर मागे ४५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) आणि पुढे ३५ ते ४० पासून सुरुवात करा. मागच्या चाकावर जास्त भार असतो, म्हणून तिथे हवा थोडी जास्त. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, मीटर वापरा.

सीट. उंची ठरवायला भिंतीला टेकून बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग सीट आडवी आहे का ते पातळी लावून बघा. बूड दुखतं म्हणून बरेच जण सीटचं टोक खाली झुकवतात. त्याने थोडा वेळ बरं वाटतं, पण शरीर पुढे घसरत राहतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस त्या भाराखाली दाबली गेली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. म्हणजे हाताचा त्रास पुष्कळदा सीटपासून सुरू झालेला असतो.

सावध: नवी सीट, नवे बूट किंवा नवी सायकल शॉर्ट्स या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. सामान लादून, सपाट रस्त्यावर, मध्ये पेडल न थांबवता तीन तासांची एक चाचणी आधी करा. तेवढ्यात काय टोचतं ते समजतं.

चेन. चुनखडीची धूळ तेलकट चेनवर बसते, आणि भिजली की तिची लुकण होते. आदल्या रात्री तेल घाला, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि चेन बाहेरून कोरडी होईपर्यंत फडक्याने पुसा. तेल आतल्या रोलरमध्ये हवं असतं, बाहेर दिसणारं तेल फक्त धूळ गोळा करतं. पुसणं टाळणारेच दुसऱ्या दिवशी गिअर कुरकुरतो म्हणून पुन्हा तेल ओततात.

ब्रेकची पॅड याच वेळी बघून घ्या. सपाट वाटेवर तासभर ब्रेक लागत नाही, त्यामुळे झिजलेलं पॅड लक्षात येतं ते नेमकं फाटकापुढे.

## ४. सामान लादणे

जड वस्तू खाली आणि सायकलच्या जवळ, दोन्ही बाजूंना सारखं वजन. एका हाताने एकेक पिशवी उचलून बघा. फरक जाणवला तर सारखं करा. पेडल फिरवताना टाच पिशवीला लागत नाही ना ते पाहा, लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. सुटे पट्टे दुमडून बांधा, कारण चाकात शिरलेला पट्टा सायकल जागच्या जागी थांबवतो.

पाठीवर सॅक नको. शंभर किलोमीटर एका स्थितीत बसायचं असताना पाठीवरचे तीन किलोसुद्धा थेट सीटवर दाब वाढवतात.

हाताशी लागणाऱ्या गोष्टी पुढच्या छोट्या पिशवीत: खाणं, हलकं जॅकेट, दिवा, फोन, चष्मा पुसायचं कापड. दुरुस्तीचं सामान एकाच पिशवीत आणि एकाच जागी: दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, अ‍ॅलन किल्ल्यांचा संच, चेनची जोडकडी, दोन-तीन प्लास्टिकच्या केबल पट्ट्या, फाटलेल्या टायरला आतून लावायला जाड तुकडा, हातमोजे.

तपासा: लादलेली सायकल दहा सेंटिमीटर उचलून सोडा. जे खडखडतं ते आत्ताच आवळा. कॅरिअरचे बोल्ट सलग खडीवर सगळ्यांत आधी सैल होतात.

## ५. आदली रात्र

नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. खिंडींमध्ये आणि नदीच्या खोऱ्यांत नेटवर्क जातं, आणि सतत सिग्नल शोधणाऱ्या फोनची बॅटरीही लवकर संपते. एका कागदावर पाण्याच्या जागा, गावं आणि त्यांची अंतरं लिहून हँडलवर लावा. पुष्कळ वाटांवर अंतराचे खांब असतात, आणि मोठ्या वाटांवर मदत बोलावताना जागा सांगायची ती त्या खांबाच्या आकड्यावरूनच. म्हणून तुमचा कागद त्याच आकड्यांत लिहा, तुमच्या सायकलवरच्या मीटरच्या आकड्यांत नको.

उद्याचा वारा बघा. कोणत्या दिशेने जायचं याची मोकळीक असेल तर चढापेक्षा वाऱ्याला जास्त महत्त्व द्या.

दोन्ही दिवे आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा. बाटल्या भरून ठेवा. कुणाला तरी निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि उशीर झाल्यास किती वाजता चौकशी करायची ते कळवा.

## ६. पहिले दहा किलोमीटर

या दहा किलोमीटरमध्ये दिवस बिघडतो. वाट रिकामी, हवा गार, पाय ताजे, आणि सायकल आपोआप विसाच्या वेगाने पळते. ते तुम्हाला परवडत नाही. पहिला पाऊण तास मुद्दाम एक गिअर हलका ठेवा. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. पेडलची गती मिनिटाला ८० फेऱ्यांच्या आसपास राहू द्या. जड गिअरमध्ये सावकाश दाबत राहणं सपाटीवर सोपं वाटतं, आणि दुपारी त्याची किंमत गुडघे देतात.

पाचव्या किलोमीटरला थांबा. थांबायची इच्छा नसेल तरी थांबा. पिशव्यांचे हुक, कॅरिअर, सीटची उंची, टायर यांवर नजर टाका. कपड्याची घडी कुठे टोचत असेल, मोजा दुमडला असेल, तर आत्ता ठीक करा. आत्ता नुसती खटकणारी जागा साठाव्या किलोमीटरला जखम झालेली असते. जांघेत क्रीम लावायचं राहिलं असेल तर तेही इथेच. आणि सायकल शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. अंतर्वस्त्राच्या शिवणीनेच बहुतेकांचं बूड सोलतं.

## ७. मधले तास: घड्याळाने चालवा

लांब रस्त्यावर भूक आणि थकवा चढासोबत जाणवतात. इथे काहीच बदलत नसल्यामुळे इशारा उशिरा येतो. म्हणून शरीराला विचारत बसण्यापेक्षा गजर लावा.

दर दहा मिनिटांनी: हातांची जागा बदला. सरळ हँडल असेल तर टोकाला छोटी शिंगं बसवून घ्या, म्हणजे दुसरी पकड मिळते. बोटं उघडा, मिटा, कोपर सैल सोडा.

दर पंधरा मिनिटांनी: सीटवरून उठा. दोन गिअर जड करा, पेडलवर उभे राहून वीस-पंचवीस फेऱ्या मारा, मग पुन्हा बसा. दुखायला लागल्यावर उठून फारसा उपयोग होत नाही. दाब पडलेल्या जागी रक्त खेळतं राहावं म्हणून आधीपासून उठायचं. संपूर्ण लेखातून एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

दर वीस मिनिटांनी: दोन-तीन घोट पाणी. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर, उन्हात त्याहून जास्त. घाम खूप येत असेल तर एका बाटलीत मीठ किंवा क्षार घाला.

दर अर्ध्या तासाने: थोडं खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा बहुतेकांना झेपणारा अंदाज आहे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. पहिलं खाणं निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात, भूक नसतानाही.

दर तासाला: सायकलवरून उतरा आणि पाच मिनिटं चाला. चालणं महत्त्वाचं आहे, बाकावर बसून राहिलात तर बैठकीला विसावा मिळत नाही.

दुपारचं जेवण अर्ध्या अंतरानंतर घ्या. पोट गच्च भरू नका, कारण नंतरही वाकून बसायचं आहे.

सावध: करंगळीतल्या मुंग्या थांबून हात झटकल्यावर पाच-दहा मिनिटांत गेल्या नाहीत तर तसंच पुढे रेटू नका. सीटची पातळी आणि हँडलची उंची तपासा, पुढच्या टायरची हवा ३-४ पीएसआयने कमी करा.

## ८. न दिसणारा चढ आणि वारा

एक टक्क्याचा चढ म्हणजे एका किलोमीटरला दहा मीटर. लांब सरळ वाटेवर तो डोळ्यांना दिसत नाही. पण एकूण वजन १०० किलो असेल तर ताशी १५ किलोमीटरच्या वेगाला तो सुमारे ४० वॉट जास्त मागतो. सपाट बारीक खडीवर त्याच वेगाला साधारण ७० वॉट लागतात हे लक्षात घेतलं, तर न दिसणारा चढ मेहनत दीडपटीवर नेतो. माणसाला वाटतं ब्रेक घासतोय, टायर बसलाय, आपणच कमी पडतोय. मग तो वेग टिकवायला जोर लावतो आणि तासाभरात संपतो.

वेग पडला की क्रम असा ठेवा: आधी टायर आणि ब्रेक बघा, मग उंचीचा आलेख, मग वारा. तिन्हींत काही सापडलं नाही तर शेवटचं खाणं कधी झालं ते आठवा. आलेखात चढ दिसला तर एक गिअर हलका करा आणि वेग जाऊ द्या. चढावर धरायची ती मेहनत, वेगाचा आकडा नव्हे.

समोरचा वारा भरावावर सगळ्यात जास्त लागतो, कारण वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असते आणि आडोसा नसतो. खिंडीत शिरलात की तो पडतो. म्हणून खाणं, पिणं, जॅकेट काढणं ही कामं खिंडीत किंवा झाडीत करा. दोघं-तिघं असाल तर भरावावर एकामागोमाग एक राहून पाच-पाच मिनिटांनी पुढचा बदला.

## ९. फाटकं, खांब, पूल

मोटारी नसल्यामुळे लक्ष सैल पडतं, आणि नेमक्या याच जागी माणसं पडतात.

मोटारी आत शिरू नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी मधोमध खांब रोवलेला असतो. एकामागोमाग जाताना मागच्याला तो दिसत नाही. पुढच्याने मोठ्याने "खांब!" असं सांगायचं आणि मागच्याने अंतर वाढवायचं. पिशव्यांमुळे सायकल रुंद झाली आहे हे फाटकात विसरलं जातं. अरुंद फाटकातून उतरूनच जा.

रस्ता ओलांडताना थांबा, पाय टेका, दोन्हीकडे बघा. वाट कधीकाळी रेल्वेची होती म्हणून आज तिला अग्रक्रम असतो असं नाही; बहुतेक ठिकाणी थांबायची पाटी तुमच्यासाठी असते. फाटकाच्या आधीच गिअर हलका करा, नाहीतर लादलेली सायकल रस्त्याच्या मधोमध रेंगाळते.

लाकडी फळ्यांचे पूल ओले असताना सरळ जा, वळू नका, ब्रेक लावू नका, वेग पुलाआधीच कमी करा. कुठे चालू रूळ आडवे आले तर ते काटकोनात ओलांडा.

## १०. बोगदे

बोगद्यात तीन गोष्टी एकदम होतात: दिसेनासं होतं, तापमान पडतं आणि जमीन ओली होते. स्नोक्वाल्मी बोगदा ३.७ किलोमीटर लांब आहे आणि आत दिवे नाहीत. आयडाहो आणि मोंटाना राज्यांच्या सीमेवरच्या रूट ऑफ द हायवाथावरचा टाफ्ट बोगदा सुमारे २.७ किलोमीटरचा, आणि त्या वाटेवर दिवा सक्तीचा आहे. विस्कॉन्सिनमधल्या एलरॉय-स्पार्टा वाटेवरच्या बोगद्यांत सायकल हातात धरून चालायचं असतं. म्हणजे नियम वाटेगणिक बदलतात, तोंडाशी लावलेली पाटी वाचा.

क्रम:

पहिलं, बोगद्याबाहेर थांबा. धावत आत शिरू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला काही मिनिटं लागतात.

दुसरं, गॉगल काढा, जॅकेट घाला. जॅकेट आत गेल्यावर घालू म्हणणारा अंधारात एका हाताने बाही शोधत बसतो.

तिसरं, पुढचा आणि मागचा दिवा लावा. पुढचा दिवा डोक्यावर नको, हँडलवर हवा, आणि खाली वळवलेला. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये. फोनचा टॉर्च चालणाऱ्याला कसाबसा पुरतो, सायकलला नाही.

चौथं, चालण्याच्या दुपटीहून जास्त वेग नको. कडेच्या पन्हळीपासून दूर राहा. छतातून ठिबकणारं पाणी अंगावर आलं तरी हँडल सरळ ठेवा.

पाचवं, दोन सायकलींमध्ये निदान पाच-सहा सायकलींचं अंतर ठेवा आणि थांबायचं असेल तर आधी ओरडून सांगा.

बाहेर पडतानाही सावकाश. तोंडाशी उजेडाने डोळे दिपतात, आणि लोक फोटो काढायला उभे राहतात ते तिथेच.

## ११. दुपारचा निर्णय

सोडता येण्याजोगं जे ठिकाण निवडलं होतं, तिथे थांबून कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ठरवलेल्या वेळेपेक्षा एक तासाहून जास्त उशीर झालाय का? बैठक, गुडघा किंवा हात यांतली एखादी जागा थांबल्यावरही दुखतेय का? पुढच्या रिकाम्या पट्ट्यासाठी पाणी, खाणं आणि उजेड पुरणार आहे का? पहिल्या दोहोंपैकी एकाचं उत्तर "हो" असेल किंवा तिसऱ्याचं "नाही", तर इथेच वाट सोडा. पुढे जाऊन बघू हा निर्णय रेल ट्रेलवर फसतो, कारण भरावावरून किंवा खिंडीतून कडेला उतरायला जागाच नसते. पुढचा रस्ता येईपर्यंत तुम्ही त्या पट्ट्यात अडकलेले असता.

## १२. पंक्चर झालं तर

वाटेवरून पूर्ण बाजूला या. पिशव्या काढा, मगच सायकल उलटी करा. मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत छोट्या चक्रावर आणा. ट्यूब बाहेर काढली की लगेच नवी घालू नका. टायरच्या आतून हळू बोट फिरवा. काटा, काच किंवा तार सापडेपर्यंत फिरवा. जुन्या ट्यूबचं भोक टायरच्या कोणत्या जागी येतं ते जुळवून बघितलं तर शोध सोपा होतो. हे न करता घातलेली नवी ट्यूब दहा मिनिटांत बसते.

नवी ट्यूब थोडी फुगवून घाला, टायर दोन्ही बाजूंनी बसला का ते फिरवून बघा, मग हवा पूर्ण भरा. चाक बसवल्यावर ब्रेक दाबून पाहा आणि मगच पिशव्या चढवा.

## १३. वाटेवरचे इतर

मागून ओलांडताना लांबूनच घंटी वाजवा, माणूस दचकेल इतक्या जवळून नाही. कोणत्या बाजूने ओलांडायचं ते त्या देशाच्या वाहतुकीप्रमाणे. घोडा दिसला की वेग उतरवा, घंटी नको, साध्या आवाजात बोला, म्हणजे घोड्याला माणूस येतोय हे कळतं. स्वाराने खूण केल्यावरच पुढे जा. थांबायचं असेल तर वाटेवरून पूर्ण उतरून थांबा.

## १४. पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

गारठ्यात घाम अंगावर वाळू देऊ नका. आधी सायकल शॉर्ट्स बदला, जांघ आणि बूड धुवून कोरडं करा. ओल्या कपड्यात बसून राहिल्यानेच फोड येतात. मग पाणी, मग अर्ध्या-एक तासात जेवण.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं असेल तर झोपायच्या आधी चेन कोरड्या फडक्याने पुसा, पाऊस लागला असेल तर धूळ धुवून पुन्हा तेल घाला आणि वरचं पुसा. कॅरिअरचे बोल्ट आवळा. टायरच्या पृष्ठभागावर बोट फिरवून रुतलेले दगड काढा, आणि हवेचा आकडा मीटरवर बघून लिहून ठेवा: सकाळी तो ५ पीएसआयहून जास्त उतरलेला दिसला, तर ट्यूब निघण्याआधीच बदला.